चोविसावी काडी

अगं वैष्णवे, ये इकडं, जवळ सरक. सरक म्हणते खरी, पण तू तिकडं पुण्यात आणि मी इथं सेलूत वहीवर वाकलेली. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. संक्रांतीला येते म्हणालीस, तर परीक्षा निघाली. आणि परवा मोबाईलवर पाठवलंस काय, तर पुरुषांचं वाय गुणसूत्र झिजत चाललंय, पुढं कधीतरी ते संपणार, आणि त्याच्याखाली हसणारी तीन तोंडं. आजीला मजा वाटेल असं वाटलं असेल तुला. नाही वाटली. हे सगळं मी तू जन्मायच्या आधी ऐकलेलं आहे. ज्यांच्याकडून ऐकलं ते आवचार सरही हसतच सांगायचे, आणि त्याच वायच्या एका तुटलेल्या तुकड्यापायी त्यांच्या घरातलं हसणं गेलं. तू त्यांना पाहिलं नाहीस. म्हणून लिहिते. मध्येच उठून जाऊ नकोस.

सरांची ओळख त्यांच्या खिशापासून करून द्यावी लागते. शर्टाच्या खिशात कायम काडेपेटी, आणि बिडी-सिगारेट तर जन्मात ओढली नाही. जवळ बसलं की खिशातून टकटक ऐकू यायची. बसस्टँडवर कुणी बिडी शिलगावायला काडेपेटी मागितली की सर गंभीर चेहऱ्यानं पुढं करायचे. तो उघडायचा आणि आतला नाकतोडा त्याच्या तोंडावर. सोनपेठच्या एसटीत एकदा कंडक्टरनं ती पेटी बघितली आणि विचारलं, "सर, याचं तिकीट?" सर म्हणाले, "अर्धं काढा. नर हाय, बारका असतो. मादी असती तर फुल काढलं असतं."

ते आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत कामाला होते. तुझे आजोबा गेल्यावर मला ते काम लागलं. चौथी शिकलेली मी. काचा धुवायच्या, बाटल्या पुसायच्या, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून इंग्रजी अक्षरं लागली. सगळे मला मावशी म्हणत, सरसुद्धा, वयानं माझ्याहून मोठे असून. पाऊस सरला की सरांबरोबर पोरं आणि मी ज्वारीच्या रानात नाकतोडे धरायला जायचो. नर नाकतोड्याच्या पोटात एक पिवळा पुंजका असतो. तो काढायचा, लाल रंगात भिजवायचा, काचेवर ठेवून वर पातळ काच, तिच्यावर टिपकागद आणि मग अंगठ्यानं दाब. दाब कमी पडला तर सगळा गोळा, जास्त पडला तर काच फुटली. हे नीट जमलं की मायक्रोस्कोपखाली पेशी पसरलेली दिसते आणि तिच्यात गुणसूत्रं, म्हणजे लाल लाल बारक्या काड्या. बाप आणि आई आपल्याला जे देतात ते त्या काड्यांवर लिहिलेलं असतं.

पहिल्याच वर्षी सरांनी मला सांगितलं, एक तक्ता काढून भिंतीला लावा. मी काच बघितली, काड्या मोजल्या, तेवीस भरल्या. परत मोजल्या, तेवीस. काड्या जोडीनं असतात एवढं वर्गाच्या दारातून कानावर पडलेलं. जोडीच्या गोष्टीत तेवीस कशा? म्हटलं, धुताना एक वाहून गेली आपल्या हातून. कुणाला कळू नये म्हणून मी तक्त्यावर एक काडी वाढवून चोवीस केल्या. सर आले, तक्त्यासमोर उभे राहिले, बोटानं मोजत गेले आणि म्हणाले, "मावशी, ही चोविसावी कुठून आणली?" मी खरं सांगितलं. सर इतके हसले की टेबलाला धरून उभे राहिले. मग तक्त्यावरची ती काडी पुसली आणि मला म्हणाले, "दिसलं तेवढंच काढा. असायला पायजे म्हणून काढू नका." हे वाक्य त्यांचं नेहमीचं. पोरांच्या प्रत्येक वहीवर लाल शाईनं तेच.

त्या दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं. माणसात काड्या जोडीनं असतात, एक आईकडची, एक बापाकडची. बाईत शेवटच्या जोडीत दोन एक्स. पुरुषात एक एक्स आणि तिच्या शेजारी ठेंगणी वाय. बापाकडून वाय आली तर मुलगा. नाकतोड्यात तीही भानगड नाही, नराला एक्स एकटीच, वायची जागाच रिकामी, म्हणून तेवीस. तरी नर तो नरच, उड्या मारतो, पाय घासून मादीला बोलावतो.

"जोडीच्या काड्या वाटणीच्या आधी शेजारी शेजारी झोपतात," सर म्हणायचे. "एकमेकीला चाचपतात. एकीत चूक असली तर दुसरीवरून दुरुस्त होती. वायला अशी शेजारीण न्हाई. बापाकडून पोराकडं, पोराकडून नातवाकडं एकटीच चाललीय. चुकलं तर दाखवणारं कुणी न्हाई. एकेकाळी एक्सएवढी होती, बगा. गळत गळत एवढी राहिली."

मी विचारलं, मग संपणार का ती? सर म्हणाले, "कुणी म्हणतं संपणार, कुणी म्हणतं गळायची थांबलीय. तिनं एक तोड काढलीय. स्वतःच्याच अंगावर मजकूर दोनदा लिहून ठेवलाय, एकदा सुलटा, एकदा उलटा. चुकली की स्वतःवरच वाकून वाचती. जपानात एक उंदीर हाय, त्याची वाय पार गेली, तरी त्याच्यात नर जन्मतात. आपलं काय व्हईल ते बघायला ना तुमी, ना मी." वर्गात मिशीला पीळ देणारं एखादं पोर दिसलं की हा धडा ते मुद्दाम त्याच्याकडं बघून शिकवायचे. म्हणायचे, लेका, जिच्या जिवावर ताठायलास ती काडी सगळ्यात बारकी हाय, जरा सांभाळून.

आता घरचं सांगते. सरांना एकच मुलगा, अविनाश. परभणीला नोकरीला. त्याला राणीसावरगावची मुलगी केली, जयश्री. मोठ्या शेतकऱ्याची नव्हे, पण हाताची गुणी. सरांची शेती सोनपेठजवळ गोदाकाठच्या काळीत. आजूबाजूला सगळे ट्रॅक्टरनं पेरायचे, पण सरांच्या बायकोचा, शांताबाईंचा हट्ट, ज्वारीचं पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, तरी बैलांच्या तिफणीनं आणि घरच्या बाईच्या मुठीनं व्हायला पाहिजे. तिफणीवर चाडं म्हणून लाकडी वाटी असते, तिच्यात मुठीतून बी सोडत चालायचं. जयश्रीची मूठ अशी की उगवल्यावर तास दोरीनं आखल्यासारखं. पहिल्या वर्षी शांताबाईंनी ते सगळ्या गावाला नेऊन दाखवलं होतं.

पण एक वर्ष गेलं, तीन गेली, पाच गेली, पोर नाही. मग जयश्रीच्या तपासण्या सुरू झाल्या. परभणी, नांदेड, सगळीकडं तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या. तरी तिचेच उपास, तिचेच नवस, अनवाणी फिरणं तिचंच. शेजारच्या डोहाळजेवणाला तिला बोलावणं बंद झालं. ती सरांचा डबा घेऊन कॉलेजात यायची तेव्हा मी तिला दोन घास खायला लावायचे, कारण घरी ती उपाशी असायची. शेवटी सरांनीच जोर केला आणि अविनाशचं रक्त लांबच्या मोठ्या शहरात तपासायला पाठवलं. आठ-दहा दिवसांनी मी विचारलं, काय आलं हो? सर काचा पुसत होते. म्हणाले, "चांगलं हाय सगळं."

त्या उन्हाळ्यात काचांचे खोके झाडताना मला एका खोक्याच्या तळाशी पाकीट सापडलं. मी वाचायला नको होतं. वाचलं. सगळं इंग्रजी, पण वायचं अक्षर मला कळत होतं, आणि तुकडा गळाला याला जो इंग्रजी शब्द आहे तो सर दर वर्षी फळ्यावर लिहायचे. वर नाव अविनाशचं. सर दारात कधी आले मला कळलं नाही.

"वाचलं?"

"वाचलं," मी म्हणाले. "दिसलं तेवढंच."

सर स्टुलावर बसले. खिशातली टकटक ऐकू येत होती. म्हणाले, "माझ्यात ती अख्खी होती, मावशी. अख्खी नसती तर अविनाश झालाच नसता. त्याला देताना तुटली. स्वतःवर वाकून दुरुस्त व्हती म्हणून मीच शिकवतो ना? त्या वाकण्यातच कधी तुकडा निसटतो. माझ्याकडून निसटला."

मी म्हणाले, यात तुमचा काय दोष, गारपीट होते तसं हे, त्याचाही नाही. सर म्हणाले, "मंग सांगायला जीभ काऊन उचलंना?" अविनाशनं त्यांचे पाय धरले होते. कुणाला सांगू नका, मला गावात फिरता येणार नाही म्हणाला. डॉक्टरांनी उपायही सांगितला होता. मोठ्या दवाखान्यात पुरुषाचं बीज सुईनं बाईच्या अंड्यात सोडून जमण्यासारखं होतं, फक्त मुलगा झाला तर त्याच्यातही हीच उणीव उतरणार. पण उपाय करायचा तर बायकोला सांगावं लागलं असतं, आणि अविनाश त्याला तयार नव्हता. सर मला म्हणाले, थोडे दिवस द्या, मी सांगतो. मी दिले. ते दिवस माझे नव्हते द्यायला, जयश्रीचे होते. हे मला फार उशिरा कळलं.

पाऊस सरला, नाकतोडे धरायला सर आणि मी त्यांच्याच रानात गेलो, तेव्हा पेरणी चालली होती. तिफण उभी, बैल जुंपलेले, जयश्रीनं ओटीत बी घेतलं आणि चाड्यावर मूठ धरली. शांताबाई पुढं आल्या आणि तिचं मनगट धरून हात बाजूला केला. आवाज चढवला नाही. "राहू दे बाई. रिकामा हात नको बियाला. मी धरते." जयश्रीनं ओटीतलं बी त्यांच्या ओटीत ओतलं, दाणा न सांडता, आणि बांधाला येऊन आमच्याजवळ उभी राहिली. सर तिच्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी वाकून गवतातून एक नाकतोडा धरला, पेटीत घातला आणि पेटी मिटली. एवढंच केलं. मीही काही केलं नाही.

पुढच्या वर्षी बैठक बसली. चार माणसं तिकडची, चार इकडची. जयश्रीचा बाप सरांकडं वळला आणि म्हणाला, तुम्ही शिकलेले, आम्ही अडाणी, तुम्ही म्हणाल ते खरं, माझ्या लेकीत खोट आहे का तेवढं सांगा. सरांनी काय उत्तर दिलं ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी मला प्रयोगशाळेत सांगितलं. "मी म्हणलो, नशीब म्हणायचं." सगळ्या नोकरीत तो शब्द कुणा पोरानं काढला तर सर त्याला बाकावर उभं करायचे. जयश्रीला सोडचिठ्ठी झाली. अविनाशचं दुसरं लग्न झालं, कोमल नावाच्या मुलीशी. सर निवृत्त झाले, वाळले, त्यांना रक्ताचा आजार निघाला. आणि दोन वर्षं झाली तशी कोमलचे उपास सुरू झाले.

एक दिवस सर माझ्या दारात आले. म्हणाले, मावशी, राणीसावरगावला जायचंय, एकट्याला उतरता येत नाही. एसटीत शेजारी बसलो. खिसा गप्प होता, म्हणून बघितलं तर पेटीच नव्हती, पाकीट होतं.

जयश्री भावाच्या अंगणात उडीद पाखडत होती. सर तिच्यासमोर मातीतच बसले. पाकीट पुढं ठेवलं आणि म्हणाले, "जयश्री, तुझ्यात काईच नव्हतं. अविनाशच्यात हाय. मला ठाऊक होतं. मी नसलेली काडी काढली."

ती पाखडतच राहिली. सूप रिकामं झाल्यावर विचारलं, "कधीपास्नं ठाऊक हाय?"

"तुझा हात काढला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यापास्नं."

ती उठली, तांब्या भरून आणला, सरांच्या हातात दिला. म्हणाली, "माझ्यात काय न्हाई ते मला ठाऊकच हाय मामा, तपासण्या माझ्याच झाल्या. मला सांगून काय करता? ज्यांच्यासमोर माझा हात काढला, त्यांना सांगा." सर पाणी प्यायले. आम्ही निघालो तेव्हा ती माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "मावशी, तुमालाबी ठाऊक होतं." विचारलं नाही तिनं, नुसतं म्हणाली.  पाकीट तिनं परत दिलं.

त्या वर्षीच्या पेरणीला सर माझ्या खांद्याला धरून रानात आले. अविनाश सुट्टी काढून आला होता, सालगडी बैलांपाशी, शेजारचे दोघं-तिघं बांधावर. कोमलनं चाड्यावर मूठ धरली. शांताबाई तशाच पुढं आल्या, तसंच मनगट धरलं. सरांनी चपला बांधावर काढल्या आणि नांगरटीत उतरले. तिथवर जाताना दोनदा थांबले.

"हात राहू दे तिचा," म्हणाले. "हातात काय नसतं. अविनाशच्या वायचा तुकडा तुटलाय, म्हणून पोर न्हाई. त्याचा दोष न्हाई, हिचा न्हाई, जयश्रीचा तर कधीच नव्हता. कागद आला त्या दिवसापास्नं मला ठाऊक हाय. मी झाकलं."

वर्गात बोलायचे तशाच आवाजात बोलले, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं. शांताबाई तासातच बसल्या. अविनाश दोन पावलं पुढं आला. मग म्हणाला, "अप्पा, तुमी मला भर रानात नागडं केलं." मोटारसायकलला किक मारली आणि गेला. तोही खोटं बोलत नव्हता, वैष्णवे. हे पोराला जवळ घेऊन आधी घरातल्यांना सांगायचं होतं, ते इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून असं सगळ्या रानासमोर सांगावं लागलं. कोमलची मूठ तशीच मिटलेली होती. सालगड्यानं बैलांना चुचकारलं, तिफण हलली, आणि तिनं बी सोडायला सुरुवात केली. तास संपेपर्यंत सर मागून चालत राहिले.

अविनाश त्यांच्याशी परत बोलला नाही. थंडीत सर परभणीच्या दवाखान्यात होते. मी भेटायला गेले की मला शिकवायचे. एकदा म्हणाले, "म्हातारपणी पुरुषाच्या रक्तातल्या कितीतरी पेशी वाय टाकूनच देतात. माझ्यात किती राहिल्या असतील?" मी म्हणाले, मोजल्याशिवाय कसं सांगू? ते हसले आणि हसता हसता ठसका लागला, तो लवकर थांबेना. पुढच्या आठवड्यात गेले. अविनाश आला, अग्नी दिला, घोटभर पाणीही न पिता परत गेला. तो आता महिन्यातून एकदा घरी येतो. कोमल शांताबाईंजवळ असते. शांताबाई मला पाहिलं की दार लावून घेतात.

त्या वर्षी ज्वारी गुडघ्याला आली तेव्हा मी एकटी राणीसावरगावला गेले. जयश्रीला सांगितलं, बोलले ते, सगळ्यांसमोर बोलले. तिनं एवढंच विचारलं, मूठ कुणी धरली. म्हटलं, त्या पोरीनंच. "उगवली का?" म्हटलं, उगवली. मध्ये मध्ये नांगे पडलेत, जागा रिकाम्या राहिल्यात, पण उगवली. तिनं मान हलवली आणि कामाला लागली. 

सरांच्या हातची एक काच माझ्याकडं आहे, त्यांनी निवृत्त होताना दिलेली. नाकतोड्याची तीच पेशी, तेवीस काड्या. लाल रंग दर वर्षी उतरतो आहे. मागच्या आठवड्यात कॉलेजात जाऊन जुन्या मायक्रोस्कोपखाली धरली, तीनदा मोजलं. एकवीस भरल्या. दोन मला दिसल्या नाहीत, रंग गेला की माझी नजर गेली कोण जाणे. वहीत एकवीसच लिहिल्यात. तुझे डोळे तरुण आहेत. ये, आणि मोजून दे. परीक्षा असू दे, दोन दिवसांसाठी ये, पण सगळ्या पुसायच्या आत ये.